खान्देशच्या उन्हात, कमी पाण्यात टिकणारं लॉनचं गवत कोणतं?

केळफूल, जळगाव
१४ मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच महिने फक्त वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते.

दिवाळीत आमचं घर बांधून झालं. गावाच्या कडेला प्लॉट आहे, समोर पूर्वेला साधारण १२०० चौरस फूट जागा मोकळी सोडली आहे. मला तिथे हिरवळ हवी आहे. दोन लहान मुलं आहेत, त्यांना मातीत नाही तर निदान गवतात तरी लोळता यावं. सासूबाईंना संध्याकाळी खुर्ची टाकून बसता यावं. हिवाळ्यात भरीत-पार्टीला तीस-चाळीस माणसं पंगतीला बसतील एवढी जागा आहे.

जमीन पूर्ण काळी. सध्या अशा भेगा पडल्यात की परवा धाकट्याचा खेळण्यातला चमचा आत गेला, कोपरापर्यंत हात घातला तरी लागला नाही. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. बोअर आहे, पण आता मे महिन्यात अर्धा तास चालली की गढूळ येतं आणि मोटर बंद करावी लागते. पश्चिमेच्या कोपऱ्यात जुना कडुनिंब आहे, तो तोडायचा नाही.

एका नर्सरीवाल्याने मेक्सिकन गवताच्या तयार गाद्या सुचवल्यात. 'ताई, देखभाल काहीच नाही, आठ दिवसांत गालिचा' असं म्हणाला. सासूबाई पारोळ्याकडच्या. त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, 'आंगनमा हरळी शे ना, मंग इकत कसाले आनस?'

मला दोघांचं पटतंय, म्हणून अडकले आहे. ज्यांनी आपल्या भागात लॉन करून चार-पाच उन्हाळे काढलेत त्यांनी सांगा. पुण्या-नाशिकचे अनुभव वाचून झालेत, तिकडचा मे आणि आपला मे एक नाही.

हिरवळवाला, भुसावळ
१४ मे, रात्री १०.३५

ताई, मी १८ वर्षं हेच काम करतो, म्हणून आधी तीन गोष्टी विचारतो. त्या जागेवर थेट ऊन किती तास? पावसाळ्यात दर आठवड्याला गवत कापायला घरात कोण आहे? आणि मे महिन्यात गवत तपकिरी झालेलं तुम्हाला चालेल का?

तिसऱ्याचं उत्तर घरच्यांशी बोलून द्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पांझराकाठ, धुळे
१५ मे, सकाळी ७.१५

ताई, मी नेमकं तेच केलं होतं जे तुम्हाला सुचवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा वर्षांपूर्वी ९०० चौरस फुटांत मेक्सिकनच्या गाद्या अंथरल्या. दीड बाय दोन फुटांचे तुकडे, खाली दीड इंच लाल माती. पहिला पावसाळा आणि हिवाळा दृष्ट लागावी असा गेला. फेब्रुवारी संपेपर्यंत मला वाटत होतं की धुळ्यात माझ्याइतकं चांगलं लॉन कुणाचं नाही.

मार्चमध्ये खालची काळी जमीन उलली. वरची लाल माती भेगेवर पुलासारखी तरंगायला लागली आणि भेगेच्या रेषेत गवत वाळलं. वरून नकाशातल्या नद्यांसारखं दिसायचं. खुरप्याने एक तुकडा उचलून पाहिला तर मुळ्या त्याच दीड इंचात गोल फिरलेल्या, काळ्या मातीत जेमतेम चार-दोन धागे उतरलेले. म्हणजे माझं लॉन जमिनीवर उभंच नव्हतं, ताटात वाढलेलं होतं. ताटातलं पाणी दुपारी बारापर्यंत संपायचं.

मग टँकर. ५००० लिटरचा टँकर मला बारा दिवस पुरायचा, तेही काटकसरीने. एप्रिल-मेमध्ये पाच टँकर घेतले. आमच्या गल्लीत लोक हंडे घेऊन नळाची वाट बघत असताना मी गवतावर पाइप धरून उभा असायचो. ते मला मनापासून लागलं आणि दुसऱ्या वर्षी मी पाणी तोडलं.

तिसऱ्या वर्षी जे उरलं होतं ते हुमणीने खाल्लं. ऑगस्टमध्ये गवत पिवळं पडलं, मला वाटलं खत कमी पडलं. हाताने ओढलं तर सतरंजी उचलावी तसं सगळं वर आलं, खाली एकही मूळ नाही, नुसत्या पांढऱ्या अळ्या.

आता तिथे शहाबादी फरशी आहे आणि मला रोज वाईट वाटतं. गवत हवंच, पण गाद्यांचं नको.

केळफूल, जळगाव
१५ मे, दुपारी १.०५

पांझराकाठ भाऊ, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, फार आभार. हंड्यांचं वाक्य वाचून घरात सगळे गप्प झाले.

हिरवळवाला दादा, ऊन सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत थेट. निंबाखालच्या साधारण ३०० फुटांत मात्र दिवसभर तुकड्या-तुकड्याने. कापायला मी आणि अहो, रविवारी. आणि हो, मे महिन्यात तपकिरी चालेल. सासूबाई म्हणाल्या, मे महिन्यात सगळं शिवार तपकिरी असतं, अंगण वेगळं कशाला हवं.

हिरवळवाला, भुसावळ
१५ मे, रात्री ११.२०

मग तुमचं अर्धं काम झालं. आता नीट सांगतो.

'देखभाल कमी' या शब्दाने लोकांची गफलत होते. लॉनची देखभाल म्हणजे पाणी, कापणी आणि तण काढणं. एकच गवत तिन्हीत कमी असं मला आजवर मिळालेलं नाही. नर्सरीवाला 'देखभाल नाही' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात कापणी असते. मेक्सिकन आणि कोरियन ही दोन्ही झोयशिया गटातली गवतं. ती हळू वाढतात, दाट बसतात, त्यामुळे कापायला कमी लागतात आणि एकदा बसली की तणालाही फारशी जागा देत नाहीत. हे खरं आहे, तो खोटं बोललेला नाही. पण हळू वाढणारं गवत हळूच भरून येतं. तुमच्या भरीत-पार्टीत जिथे चूल मांडाल, पऱ्हाट्या पेटवाल, तिथला डाग मेक्सिकनमध्ये वर्षभर दिसेल. हरळी पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात तो बुजवून टाकते. कोरियन तर न कापता सोडलं की त्याच्या उंचवट्या-उंचवट्याच्या गाठी होतात. दिसायला छान, पण मुलांच्या पळण्याच्या कामाचं नाही.

आपल्याकडे सगळ्यात महाग काय? कापणी नाही, पाणी. मार्च ते जूनचं पाणी. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर रोजचे किमान ५ मिलिमीटर धरा, आपल्या वाऱ्यात त्याहून जास्तच. १२०० फूट म्हणजे १११ चौरस मीटर, म्हणजे रोज साडेपाचशे लिटर. चार माणसांच्या घराच्या वापराएवढं पाणी नुसतं अंगणात.

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की गवत जुलै बघून निवडू नका, मे बघून निवडा. जुलैत आपल्याकडे काहीही हिरवं दिसतं.

आता हरळी. दूर्वा, दूब, बर्म्युडा, सगळं एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिचे वर सरपटणारे धावते वेगळे आणि जमिनीखालून चालणारी खोडं वेगळी. पाणी तुटलं की वरचं पान वाळवून टाकते आणि खालच्या खोडात जीव धरून बसते. हरळीची मुळी म्हणतात ते उगाच नाही. झोयशियाही वाळून परत येतं, पण तेव्हा, जेव्हा त्याची मुळं खोल गेलेली असतात. दीड इंचाच्या गादीत ती जात नाहीत, पांझराकाठ भाऊंनी लिहिलंच आहे.

हरळीतही प्रकार आहेत. नर्सरीत 'सिलेक्शन वन' मिळतं, पान बारीक, गालिचा दाट, पण खत आणि कापणी जास्त मागतं. गोल्फच्या मैदानांवर टिफड्वार्फ आणि टिफवे ४१९ असे संकर असतात. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार झाले म्हणून नावात 'टिफ'. त्यांना रुजणारं बी येत नाही, मुळ्याच लावाव्या लागतात, आणि टिफड्वार्फ तर रोज कापणारं यंत्र आणि माणूस असेल तरच शोभतं. घराला नको.

तुम्हाला साधी देशी हरळी. तीही दुसऱ्या जिल्ह्यातली नाही, तुमच्याच भागात ज्या जागेवर मे महिन्यात कुणी पाणी देत नाही आणि तरी दरवर्षी उगवते, तिथली. सासूबाईंचं बरोबर आहे.

एकच अट. हरळीला ऊन लागतं, सहा तास तरी थेट. निंबाखाली ती विरळ होऊन मरेल. तिथे लावूच नका.

मनमाड_पॅसेंजर
१६ मे, सकाळी ८.४०

+१. शाळेच्या मैदानावरची हरळी आठवा. वर्षभर पोरं तुडवतात, उन्हाळ्यात मैदान पांढरं पडतं, पहिल्या दोन पावसांत परत हिरवं.

जिभाऊ_शिरपूर
१६ मे, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांना राम राम. मी शेतकरी माणूस, आमच्या घराण्याने तीन पिढ्या कपाशीतून हरळी उपटण्यात घालवल्या. नांगराने तुकडे केले तर एकाच्या दहा होतात. कुळवाने ओढून बांधावर टाकली तर बांधावर रुजते. त्यामुळे ती मरणार नाही याची हमी माझ्याकडून लिहून घ्या.

पण बेटा, दोन गोष्टी आधी कर.

तुमच्या कुंपणापलीकडे शेत आहे का? असेल तर कुंपणाच्या आत वीतभर रुंद आणि वीतभर खोल फरशी किंवा पत्रा उभा गाड. तुझी हिरवळ दुसऱ्याचं तण होऊ नये. खालून वीतभर खोल तरी अडवलं आणि वरून जाणारे धावते पंधरा दिवसांनी खुरप्याने तोडले तर ती जात नाही.

दुसरं औषधाचं. लॉनमध्ये गाजर गवत, केना असं काही उगवलं की दुकानदार टू-फोर-डी हातात देईल. ते गवत सोडून रुंद पानाचं तण मारतं हे खरं. पण कपाशीला त्याची वाफसुद्धा चालत नाही. एका वर्षी आमच्या शेजारच्या बांधावर कुणीतरी मारलं, वारा आमच्या बाजूचा. आठ दिवसांत माझ्या कपाशीची कवळी पानं बोटांसारखी लांब, चिरलेली झाली, शेंडे वळले. वरून कपाशी आहे का भेंडी आहे ओळखू येईना. त्या पट्ट्यात बोंडं धरलीच नाहीत. फवारणीचा पंप नुसता पाण्याने विसळून कपाशीत वापरला तरी असंच होतं. बाराशे फुटांच्या जागेला औषध कशाला लागतं? खुरपं घे, सकाळी चहा झाला की दहा मिनिटं बस.

केळफूल, जळगाव
१६ मे, रात्री ८.१०

जिभाऊ, दक्षिणेला कपाशीचंच शेत आहे. फरशी नक्की गाडते. औषध आणणार नाही, शब्द.

माती_तपासा, धुळे
१७ मे, दुपारी ४.००

कृषी महाविद्यालयात शिकले, माती हा आवडीचा विषय, म्हणून गवतापेक्षा खालच्या जमिनीबद्दल लिहिते.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. त्यातली चिकणमातीच तशी आहे. पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली जातो, मग भेगा मिटतात आणि त्यानंतरचं पाणी आत शिरायला फार वेळ घेतं. म्हणून जोरात पाइप धरून पाणी देण्यात अर्थ नाही, निम्मं रस्त्यावर वाहतं. हळू आणि खोल द्या, मग चार-पाच दिवस देऊ नका. वरची इंचभर माती रोज ओली ठेवली तर मुळं वरच राहतात.

पावसाळ्यात उलटी अडचण. सखल जागी पाणी साचलं की हरळीसुद्धा पिवळी पडते. त्यामुळे लावणीआधी घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, शंभर फुटांना दीड-दोन फूट या हिशेबाने. दोरी लावून, लेव्हल ट्यूब धरून तपासा, नजरेवर जाऊ नका. वरच्या सहा इंचांत कुजलेलं शेणखत आणि जाडसर वाळू मिसळा. वाळूचा वेगळा थर करू नका. दोन वेगळ्या मातीचे थर एकावर एक आले की पाणी आणि मुळं दोघंही सांध्यावर थांबतात. गाद्यांचं जे झालं ते त्यानेच.

आणखी एक. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू आठच्या आसपास. तिथे लोह असूनही मुळांना घेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नवं पान फिकट, पिवळसर आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर युरिया टाकत बसू नका. हिराकस (फेरस सल्फेट) आणा, लिटरला ५ ग्रॅम, त्यात लिंबूसत्त्व १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. आठवडाभरात रंग फिरतो. पण ओट्याच्या फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. माझ्या आईच्या ओट्यावर अजून आहेत.

वॉशिंग मशीनचं पाणी लॉनला सोडायचा मोह होईल. साबणाच्या पाण्यातला सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतो, वर कडक पापुद्रा धरतो, मग पाणी मुरतच नाही. एखाद्या वेळी चालेल, रोज नको. भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी खुशाल द्या.

तापीतीर
१७ मे, रात्री ९.२५

कृत्रिम लॉनचा विचार केला का? पाणीच नको.

पांझराकाठ, धुळे
१७ मे, रात्री ९.५०

आमच्या भावाच्या गच्चीवर आहे. एप्रिलमध्ये सकाळी साडेदहालाच त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. प्लॅस्टिक आहे ते, ऊन पितं आणि गवतासारखं पाणी सोडून थंड होत नाही. लहान मुलं असलेल्या घरात आणि तेही ४५ अंशांच्या गावात, मी तरी नको म्हणेन.

सातपुडा_पायथा, यावल
१८ मे, सकाळी ६.५५

एक पर्याय कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. जलपिंपळी. गवत नाही, जमिनीला चिकटून पसरणारी वेल आहे. नदीकाठी, पाटाच्या कडेला, ओल्या जागी आपोआप दिसते, पांढरट-जांभळ्या छोट्या फुलांचे बोंडुक असतात. आमच्या शेतघरासमोर दोन गुंठ्यांत आहे. कापायचं काम जवळजवळ नाही, उन्हाळ्यात हरळीपेक्षा थोडं पाणी देऊन जास्त दिवस हिरवी राहते.

पण मुलं लहान आहेत तर मी तुम्हाला ती सुचवणार नाही. फुलांवर दिवसभर मधमाश्या असतात. आमच्याकडे मधमाश्या हव्याच आहेत, केळीच्या बागेशेजारी भाजीपाला असतो, पण अनवाणी पळणाऱ्या मुलाच्या पायाखाली आली की चावणारच.

आणि ज्यांच्याकडे जागा मोठी आहे, अर्धा एकर वगैरे, त्यांनी सगळ्याचं लॉन करू नये. घराजवळ थोडी हरळी आणि पलीकडे मारवेल. आपल्या कुरणांतलं गवत आहे, काळ्या जमिनीत रमतं, गुडघाभर वाढलं की कापून गाईला घालायचं. वाऱ्यावर त्याचा जांभळट तुरा डोलतो ते मला कुठल्याही कापलेल्या लॉनपेक्षा सुंदर वाटतं. धुळ्याजवळ लळिंगचं कुरण पावसाळा संपताना जाऊन बघा.

गिरणामाय, चाळीसगाव
१८ मे, दुपारी ३.१५

केळफूल, निंबाखाली काही लावण्याच्या मागे लागू नकोस बाळा. आमच्याकडे मी चौदा वर्षं प्रयत्न केला. खाली मुरूम टाकून चोपून घे, चार पाट्याच्या दगडांची बैठक कर, सासूबाईंची खुर्ची तिथेच जाईल बघ. हिरवळीवर ऊन असतं तेव्हा माणूस सावलीतच बसतो आणि हिरवळ बघतो.

आणि तोच निंब हुमणीचं ठाणं असतो. पहिला वळवाचा पाऊस झाला की दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघून निंबावर, बाभळीवर पाला खायला येतात. चार-पाच संध्याकाळी फांद्या हलवायच्या, खाली पडतील ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एक मादी पुढे जमिनीत अंडी घालते, त्यातूनच हुमणीच्या अळ्या निघतात; ते टळलं की ऑगस्टमधलं पांझराकाठ भाऊंचं दुःख टळलं.

केळफूल, जळगाव
२१ मे, रात्री १०.००

ठरलं.

लॉन १२०० नाही, ६००च फूट करणार. निंबाखाली ३०० फूट मुरूम आणि दगडांची बैठक. उरलेल्या पट्ट्यात कडेने कण्हेर, तगर, दोन पेरू. गवत देशी हरळी. अमळनेरला माझ्या माहेरच्या खळ्याशेजारी पडीक तुकडा आहे, तिथे कुणी थेंब पाणी देत नाही आणि हरळी लहानपणापासून बघते आहे. तिथूनच आणणार. गणपतीला दूर्वा आम्ही तिथूनच खुडायचो.

आता विचारते की लावायची कशी? बी टाकू, की मुळ्या? आणि लव्हाळ्याच्या तणाची भीती वाटते, खळ्याशेजारी तोही आहे.

हिरवळवाला, भुसावळ
२१ मे, रात्री ११.१०

६०० फूट हा निर्णय मला सगळ्यात आवडला.

लव्हाळ्याची भीती खरी आहे. हरळीत लव्हाळा शिरला की मग निघत नाही, म्हणून आत्ता काढायचा. जमीन आजच नऊ इंच खणून ढेकळं उलटी करून ठेवा. आपलं मेचं ऊन फुकटचं औषध आहे, वर आलेल्या गाठी वाळतात. दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या. खाली उरलेल्या गाठी कोंब काढतील. कोंब दिसला की ओढू नका, तुटतो आणि गाठ आतच राहते. खुरपं खोल घालून गाठीसकट काढा. असं दोनदा करा.

बियाणं १०० चौरस मीटरला ३०० ग्रॅम लागतं, बारीक वाळूत मिसळून टाकायचं. पण पहिल्या जोरदार सरीत वाहून एका कोपऱ्यात जातं. तुमच्याकडे खात्रीच्या मुळ्या आहेत, मुळ्याच लावा.

दोन रीती. एक, बोटाएवढे तुकडे, प्रत्येकाला दोन-तीन पेरं, चार-चार इंचांवर टोचायचे, एक पेर वर, बाकी मातीत. दुसरी रीत अंगण सारवल्यासारखी. तुकडे दोन-तीन इंचांचे कापून माती आणि शेणाच्या काल्यात मिसळायचे आणि इंचभर जाड थापत जायचं, वरून पातळ माती. भराभर होते, पण मुळ्या जास्त लागतात. मुळ्या आणताना एकेक पेंढी पाण्यात धुऊन, झटकून, लव्हाळ्याची पात वेचून मगच गोणीत भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढची दहा वर्षं त्यावर आहेत.

लावणी मृगाचा पाऊस नीट बसल्यावर, जमिनीत वीतभर ओल असेल तेव्हा. एका पावसावर धाव घेऊ नका.

जिभाऊ_शिरपूर
२२ मे, सकाळी ६.१०

धुऊन आण, हे फार बरोबर सांगितलं.

केळफूल, जळगाव
२४ ऑगस्ट, रात्री ९.३०

धागा वर काढते, तुमचं ऋण आहे.

२६ जूनला लावणी केली. टोचणीच केली. माहेरून दोन गोण्या आणल्या, आई, वहिनी आणि मी हौदाशी बसून एक अख्खी दुपार मुळ्या धुतल्या. लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या त्या मोजल्या नाहीत, पण तपेली भरली.

पहिले तीन आठवडे काहीच दिसेना. काळी माती आणि त्यात वाळक्या काड्या. अहो म्हणाले, मेली वाटतं. मग एका सकाळी ओणवं होऊन पाहिलं तर प्रत्येक काडीच्या पेरातून तांदळाएवढा कोंब, टोकाला किंचित जांभळा. त्यानंतर धावते असे सुटले की धाकटा रोज काडी ठेवून मोजायचा, आज कुठवर आलं. आज दोन महिन्यांत मधले चार-पाच तळहाताएवढे ठिगळ सोडले तर जमीन झाकली आहे.

उत्तरेच्या कोपऱ्यात पान पिवळं झालं होतं, शिरा हिरव्या. माती_तपासा ताई, तुमचं वर्णन शब्दशः. हिराकस फवारलं, ओट्यावर जुनी चादर टाकून. सहाव्या दिवशी फरक दिसला.

भुंगेरे सासूबाई आणि थोरल्याने जूनमध्ये पाच संध्याकाळी वेचले. पहिल्या दिवशी बरणीभर.

कापणी दोनदा झाली. हाताने ढकलायचं सिलिंडरचं यंत्र घेतलं.

हिरवळवाला, भुसावळ
२४ ऑगस्ट, रात्री १०.१५

फार आनंद झाला. कापताना पानाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त एका वेळी काढू नका, दीड इंच उंची ठेवा, बुटकं करायच्या नादाला लागू नका. उंच पान म्हणजे खाली सावली आणि खोल मूळ. सप्टेंबरात एकदा युरिया अर्धा किलो, सगळ्या ६०० फुटांना मिळून, पावसाची सर येण्याआधी. डिसेंबरच्या थंडीत पिवळसर पडेल, तेव्हा खत-पाणी वाढवू नका, ती झोपते.

केळफूल, जळगाव
१९ जून, सकाळी ७.४०

वर्ष झालं. खरी परीक्षा मे महिन्याची होती म्हणून तो संपायची वाट बघत होते.

२० एप्रिलला नेहमीचं पाणी बंद केलं. त्यानंतर तीन-तीन आठवड्यांनी दोनदा पाणी दिलं, दर वेळी साधारण ७०० लिटर, नळीला बारीक धार ठेवून रात्रभर जागा बदलत. बस्स. टँकर एकही नाही.

१० मेपर्यंत गवत पूर्ण वाळलं. पायाखाली चुरचुर वाजायचं. भेगा पडल्या, पण पूर्वीसारख्या हात जाईल अशा नाहीत, बोटभर. त्यात वाळू आणि शेणखत भरलं. येणारा-जाणारा हळहळायचा. मीसुद्धा एका दुपारी घाबरले आणि खुरप्याने वीतभर जागा उकरली. खालची खोडं दाभणाएवढी, बाहेरून तपकिरी. नखाने खरवडलं तर आत पांढरं, ओलं. परत माती लोटली आणि घरात आले.

८ जूनला पहिला पाऊस झाला, १० तारखेला दुसरा. १७ तारखेला सकाळी दार उघडलं तर पूर्वेचं ऊन तिरपं आलं होतं आणि सबंध अंगणावर हिरवी झाक. सासूबाई निंबाखालच्या दगडावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, 'उनी ना?' म्हणजे, आली ना?

दक्षिणेच्या फरशीवरून धावते पलीकडे निघतात. जिभाऊ, पंधरा दिवसांनी तोडते आहे.

पांझराकाठ, धुळे
१९ जून, सकाळी ९.०५

ताई, दोनदा वाचलं. आमच्याकडे निम्मी फरशी उचलायचं ठरवतोय, ४०० फूट. तुमच्याकडच्या मुळ्या मिळतील का?

केळफूल, जळगाव
१९ जून, सकाळी ९.३०

भाऊ, विचारायचं काय त्यात. रविवारी सकाळी लवकर या, उन्हाच्या आत काढू. कडेच्या वाढलेल्या पट्ट्यातून एक गोणी निघेल. गोणपाट ओलं करून आणा आणि गाडीत सावलीत ठेवा, संध्याकाळपर्यंत काही होत नाही. तोवर तुमची जमीन खणून, उतार देऊन तयार ठेवा. हौद भरून ठेवते, मुळ्या इथेच धुऊन नेऊ.